डबा खाताना सापडलेले जीवाश्म

साल १९४६. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडिआकारा टेकड्यांमध्ये २७ वर्षांचा रेग स्प्रिग बंद पडलेल्या खाणी तपासायला गेला होता. सरकारी भूवैज्ञानिकाची साधी ड्यूटी. असं सांगतात, की डबा खाताना त्याला खडकावर गोल-गोल ठसे दिसले. त्याला वाटलं, हे प्राचीन जेलीफिश! पण तज्ज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. ‘नेचर’नेही लेख नाकारला. मग १९४७ मध्ये त्याने तो अ‍ॅडलेडमधल्या नियतकालिकात छापला.

१९५८ मध्ये इंग्लंडमधल्या कॅम्ब्रियनपूर्व खडकातल्या जीवाश्मांचं वर्णन आलं : नेच्याच्या पानासारखा जीव आणि तळाशी चकती. तसेच पानासारखे जीव एडिआकारातही होते! मार्टिन ग्लेसनरने हा दुवा जोडला आणि स्प्रिगचे जीवाश्मही कॅम्ब्रियनपूर्व ठरले. पुढे कळलं, की त्याच्या बऱ्याचशा ‘जेलीफिश’ म्हणजे अशा जीवांना समुद्रतळाशी धरून ठेवणाऱ्या चकत्या होत्या.

म्हणजे स्प्रिगचं वर्गीकरण चुकलं, पण हे जीवच आहेत हा त्याचा हट्ट बरोबर होता. १९९४ मध्ये तो गेला. २००४ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या त्या कालखंडाला अधिकृत नाव मिळालं : एडिआकारन.