पेटन राउस : पंचावन्न वर्षांची प्रतीक्षा

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये प्लायमाउथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. या गाठीनेच डॉ. पेटन राउस यांच्या आयुष्याची दिशा ठरविली.

बाल्टिमोर येथे ५ ऑक्टोबर १८७९ रोजी जन्मलेल्या राउस यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. शिक्षण सुरू असतानाच शवविच्छेदन करताना बोटाला जखम होऊन त्यांना क्षयाची बाधा झाली होती. त्या दुखण्यातून उठून ते संशोधनाकडे वळले.

राउस यांनी गाठीचे तुकडे त्याच वंशाच्या अन्य कोंबड्यांत रोवले. तेथेही गाठी वाढल्या. मग गाठ वाटून तिचा अर्क पेशी व जिवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला. उरलेला निव्वळ द्रव टोचल्यावरही कर्करोग झाला. याचा अर्थ, कारण जिवाणूहून सूक्ष्म होते. १९११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परंतु कर्करोग विषाणूमुळे होतो, हे मानण्यास वैद्यकविश्व तयार नव्हते. उंदरांच्या गाठींत तसा घटक सापडेना, तेव्हा राउस यांनीही हा विषय सोडला. पुढे रक्त टिकविण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह शोधलेले सायट्रेट व साखरेचे मिश्रण पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या उपयोगी पडले.

रिचर्ड शोप यांना सशांच्या चामखिळींत विषाणू आढळल्यावर १९३४ मध्ये राउस कर्करोगाकडे परतले. त्या चामखिळींचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते, हे त्यांनी दाखविले. अखेर १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना चार्ल्स हगिन्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. जावई अॅलन हॉजकिन यांना ते तीन वर्षे आधीच मिळाले होते!

ज्यांच्या शोधावर जगाने दीर्घकाळ अविश्वास दाखविला, त्या राउस यांनीही एक विचार अखेरपर्यंत नाकारला. पेशीच्या स्वतःच्या जनुकातील बदल हे कर्करोगाचे मूळ, ही उपपत्ती त्यांना मान्य नव्हती. १६ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले. सहा वर्षांनी मायकेल बिशप व हॅरॉल्ड व्हार्मस यांच्या गटाने राउस यांच्याच विषाणूतील कर्करोगकारी जनुकाचा माग काढला. ते जनुक मूळचे निरोगी कोंबडीच्या पेशीतलेच निघाले. राउस यांच्या विषाणूनेच त्यांचे मत खोडून काढले आणि त्यांच्या शोधाचे मोलही वाढविले.