दगडावर कुलकथा कोरविणारा राजा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात जाणारा मराठी यात्रेकरू राजराज चोळाने उभारलेले विमान पाहून थक्क होतो आणि बहुधा तेवढ्यावरच माघारी फिरतो. त्याच मंदिराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर मराठी भाषेत व देवनागरी अक्षरांत एक अखंड ग्रंथच कोरलेला आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. हा भोसले कुळाचा वृत्तांत होय. इ. स. १८०३ मध्ये तो कोरविला सरफोजी राजे दुसरे यांनी. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण सारे मागे वळून पाहत असताना या राजाचे चरित्र आठवणे उचित ठरेल.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्याच एका शाखेत झाला. तंजावरचे तुळजाजी राजे यांना वारस उरला नव्हता. मृत्यू समीप आला असता त्यांनी १७८७ मध्ये या बालकास दत्तक घेतले आणि त्याची काळजी वाहण्यास ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांस सांगितले. तुळजाजी निवर्तताच त्यांचे बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तविधान शास्त्रास धरून नाही, असा पंडितांचा अभिप्राय पडला व कंपनी सरकारने अमरसिंहांस राजा केले. अवघ्या दहा वर्षांच्या मुलाला कळले ते एवढेच, की आपण कोणाचे, हे आता इतर लोक कागद पाहून ठरविणार!

पुढील काळ त्यास राजवाड्यात नजरकैदेसारखाच गेला. श्वार्ट्झ यांनी त्याच्या शिक्षणाचा आग्रह धरला आणि १७९३ मध्ये त्यास मद्रासेस नेण्यात आले. दरम्यान दत्तकाच्या प्रश्नाचा पुन्हा विचार झाला व आधीचा निर्णय फिरला. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. ते पाहण्यास श्वार्ट्झ हयात नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे देहावसान झाले होते. पुढे राजाने त्यांचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले.

गादी मिळाली, पण राज्य राहिले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजाच्या वाट्यास तंजावरचा किल्ला, वर्षाकाठी एक लक्ष होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. याच १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि आपल्या म्हैसुरात बाल कृष्णराज वडेयरांना कंपनीने गादीवर बसविले, हा योगायोग येथील वाचकांच्या ध्यानी येईलच.

अशा राजाने काय करावे? कुळाची कथा त्याने लिहविली. चिटणीस बाबूराव यांनी ती रचली. सूर्यवंशापासून आरंभ करून मालोजी, शहाजी, शिवछत्रपती, तंजावरचे राज्य स्थापणारे एकोजी आणि त्यांचे वंशज अशी ती उतरत येते व सरफोजींपाशी थांबते. त्याच वर्षी असई व आडगाव येथे मराठी फौजा पराभूत होत होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या लेखनातील आर्तता उमगते. कागदावरील हक्क एकदा रद्द झालेला ज्याने पाहिला, त्याने आपले नाते दगडाच्या स्वाधीन केले.

इतिहासकार या लेखाकडे चिकित्सेने पाहतात व ते योग्यच आहे. जुन्या पिढ्यांविषयी त्यात दंतकथा आहेत, घटनांचा क्रमही सर्वत्र बिनचूक नाही. तथापि दत्तक आलेला पुत्र आपल्या पूर्वजांस कसे आठवू इच्छितो, हे सांगणारा त्याहून विश्वासार्ह पुरावा कोणता मिळणार? प्रत्येक कुलवृत्तांत अंशतः लिहविणाऱ्याचे आत्मचरित्रच असतो.

सरफोजी केवळ भूतकाळात रमले नाहीत. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छापखाना काढला व तेथून इसापनीतीचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडले. जगाचा भूगोल सांगणारे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. ‘धन्वंतरी महाला’त वैद्यकाचे प्रयोग चालत, आणि नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या जात. १८२० नंतर ते काशीयात्रेस गेले, तेथूनही त्यांनी पोथ्या आणविल्या. सरस्वती महालातील त्यांचा ग्रंथसंग्रह आजही अभ्यासकांचे माहेरघर आहे.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी निवर्तले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून मृत्यू पावले आणि कंपनीने उरलेसुरले राज्यपदही खालसा केले. ज्या प्रश्नाने सरफोजींचे बालपण व्यापले होते, त्याच वारसाच्या प्रश्नावर त्यांची गादी संपली. भिंतीवरील अक्षरे मात्र कोणास खालसा करता आली नाहीत.

देवराज मोहल्ल्यापासून जवळच असलेल्या जगन्मोहन राजवाड्यात वडेयर घराण्याचा वंशवृक्ष भिंतीवर रंगविलेला आपण पाहिला असेल. राजांना भिंती असतात. आपल्यासारख्यांपाशी काय असते? एखादी जुनी पत्रिका, मोडीतला खरेदीखताचा कागद, कुलदैवताचे नाव, त्र्यंबकेश्वरच्या वा पंढरपूरच्या उपाध्यायाच्या वहीतील चार ओळी. नोकरीमुळे पाच गावे हिंडलेल्या माझ्यासारख्या सरकारी माणसास ठाऊक आहे, की प्रत्येक बदलीत प्रथम टाकून दिला जातो तो असाच जुना कागद. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, आणि आजोबा कोणत्या साली, कशासाठी कावेरीकाठी आले, हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळीही फार नाहीत.

म्हणून सभासदांस विनंती, की प्रत्येकाने आपल्या घराण्याची हकीकत चार पानांत तरी लिहून काढावी. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहावे, कागदाचा आधार असेल तेथे कागद सांगावा, आणि दत्तक, दारिद्र्य, भाऊबंदकी यांवर पांघरूण घालू नये. माहेरघरच्या स्त्रियांची नावेही त्यात अवश्य यावीत. वंशावळीत बहुधा त्यांनाच जागा मिळत नाही. सरफोजींना शिळा लागली. आपणांस एक वही पुरेल.