चवदार तळे ते दामोदर

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेतो, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर नतमस्तक होतो आणि एस.टी. पकडून परत येतो. वाटेत सावित्री नदी लागते. तिच्याकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. महाडला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या ५३ नद्या प्रदूषित म्हणून नोंदवल्या, त्यांत सावित्रीचेही नाव होते. ज्या गावात आमच्या माणसांच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून डोकी फोडली गेली, त्याच गावची नदी खरोखर बाटली तेव्हा तिच्या शुद्धीसाठी घागरी घेऊन कुणी धावले नाही! म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आज आम्हाला पाण्याच्या बाजूने सांगायचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. शाळेत शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागायची, ही गोष्ट आपल्या घराघरात माहीत आहे. पण १९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला गोरेगावी निघालेल्या त्या मुलांच्या प्रवासातला एक तपशील आपण सहसा सांगत नाही. बैलगाडीचा रस्ता, सोबत भरपूर जेवण आणि पाण्याचा मात्र थेंब नाही. वाटेत पाणी दिसले ते गुरांच्या शेणामुताने गढूळ झालेले, दुर्गंधी सुटलेले. पोरांना ते तोंडाला लावणेही शक्य झाले नाही. चांगले पाणी होते, पण ते त्यांच्यासाठी नव्हते. पोरे उपाशीच झोपली. पाण्याचे प्रदूषण म्हणजे काय हे बाबासाहेबांना दहाव्या वर्षी असे कळले. गावाचे चांगले पाणी एकाला आणि उरलेसुरले घाण पाणी दुसऱ्याला, ही वाटणी कुणा एका दुष्ट माणसाने केलेली नव्हती. ती व्यवस्था होती.

कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी हा भाग वाचकांना पाठ आहे, तो आम्ही सोडून देतो. महाडकडे मात्र कायद्याच्या नजरेने नीट पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते! तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचा घोट मिळाला नाही. मुसलमान, ख्रिस्ती तिथले पाणी घेत होते, गुरेढोरे पाणी पीत होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या ठरावात जीव आला.

त्यानंतर काय झाले? सनातन्यांनी जेवत्या माणसांवर लाठ्या चालवल्या. मग तळे शुद्ध करायला दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांच्या १०८ घागरी पाण्यात ओतल्या. माणसाच्या ओंजळीने पाणी घाण होते आणि शेणाने स्वच्छ होते, हे या देशाचे जलशास्त्र! आमच्या मते भारतातील जलप्रदूषणाचा प्रश्न समजून घ्यायचा तर सुरुवात या १०८ घागरींपासून केली पाहिजे. पाणी पवित्र मानले की ते स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी संपते. जिला आई म्हणायचे तिच्यातच गटार सोडायचे, आणि ते गटार ज्याला उपसावे लागते त्यालाच अपवित्र ठरवायचे.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरत होती, त्याच्या आधीच सनातन्यांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक जमले होते, तळे समोर होते. तरीही बाबासाहेबांनी त्यांना पाण्यावर नेले नाही. त्या परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली आणि तळ्याचा लढा कोर्टात लढायचे ठरवले. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे, असे वादींचे म्हणणे होते. दोन खालची कोर्टे आणि मग मुंबई हायकोर्ट! १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. तळे सार्वजनिक ठरले, अनादी प्रथा सिद्ध झाली नाही. एका ओंजळीसाठी दहा वर्षे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि तळ्यावरून थेट नद्यांवर आले. १९४३ मध्ये दामोदर नदीने बंध फोडून बंगालात हाहाकार उडवला. नदी उगम पावते बिहारच्या पठारावर, बुडवते बंगालला. आणि १९३५ च्या कायद्याने पाणी हा प्रांतांचा विषय. बाबासाहेबांनी भूमिका घेतली की नदीचे संपूर्ण खोरे हाच एक घटक मानला पाहिजे आणि त्यावर एकच अधिकारी संस्था हवी. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक सगळे तिच्या हाती. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला, तोच आजचा केंद्रीय जल आयोग. महानदीच्या हिराकुड योजनेची पायाभरणीही याच विचारातून झाली. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये आला आणि आपल्या ताब्यातील पाण्याचे प्रदूषण रोखणारे नियम करण्याचा अधिकार त्या महामंडळाला मिळाला. भारतातल्या नदीकायद्यांतली ही अगदी सुरुवातीची तरतूद.

इथे आम्हाला प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. बाबासाहेबांनी प्रदूषणविरोधी कायदा लिहिला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यासमोर प्रश्न पुराचा, दुष्काळाचा आणि विजेचा होता. दामोदरच्या धरणांनी आदिवासींना उठवले, आणि पुढे कोळसा धुणारे कारखाने, पोलाद आणि औष्णिक विजेने ती नदी काळी झाली, हेही लपवता येत नाही. एक खोरे, एक संस्था ही कल्पना मात्र चुकीची नव्हती. नदीला जिल्ह्याची आणि राज्याची हद्द कळत नाही, तिच्यात सोडलेल्या घाणीलाही कळत नाही.

संविधानात हेच आले. पाणी राज्यांकडे राहिले, पण आंतरराज्य नद्यांचे नियमन लोकहितासाठी संसद हाती घेऊ शकेल अशी नोंद केंद्रसूचीत झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी मांडलेल्या दुरुस्तीतून पाणीतंट्यांचे आजचे कलम २६२ आले. विहिरी, तळी, स्नानघाट यांवर जातीवरून मज्जाव करणे कलम १५ ने बंद केले. महाडचे तळे संविधानात गेले ते असे. कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितले. हा हक्क मागायला थेट दिल्लीत जाता येते ते कलम ३२ मुळे.

१९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. १९५६ मध्ये संसदेने नदी मंडळ कायदा केला. आंतरराज्य नद्यांचे प्रदूषण रोखणे हे मंडळांच्या कामांत लिहिलेले होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ स्थापन झालेले नाही! महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव आणि हा कायदा यांत आम्हाला फरक दिसत नाही.

जल प्रदूषण प्रतिबंधाचा देशव्यापी कायदा यायला १९७४ उजाडले. पाणी राज्यांचा विषय असल्याने कलम २५२ खाली राज्यांनी ठराव केल्यावरच संसदेला तो करता आला. ओरिसाने १९५३ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये आपापले कायदे केलेच होते. मंडळे झाली, संमतिपत्रे झाली, नमुने बाटल्यांत भरले गेले. नद्या मात्र काळ्याच होत गेल्या. नाल्याच्या काठी वस्ती कुणाची असते, मॅनहोलमध्ये उतरून कोण मरते, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. अनेक उल्लंघनांसाठीची तुरुंगवासाची शिक्षा जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. काही प्रकारच्या उद्योगांना संमतीतून सूट देण्याची सोयही केंद्राकडे आली. नदी मारणारा कारखानदार दंड खर्चात मांडेल आणि पुढे चालू लागेल. ही दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांनी ती घ्यायची तर पुन्हा कलम २५२ चाच रस्ता, म्हणजे विधिमंडळाचा ठराव. असा ठराव सभागृहात येतो तेव्हा राखीव जागांवरून निवडून गेलेले आपले आमदार हात वर करतात की उठून बोलतात, हा प्रश्न २० मार्चच्या एखाद्या सभेत विचारला गेल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.