चौडय्यांच्या सात तारा

म्हैसूरच्या अग्रहारापासून फार दूर नसलेल्या नारायणशास्त्री रस्त्यावर बिडारम कृष्णप्पांनी उभारलेले प्रसन्न सीताराम मंदिर आहे. १९१० मध्ये, कावेरी व कपिला यांच्या संगमावरील तिरुमकूडलू गावचा चौडय्या नावाचा मुलगा याच कृष्णप्पांचा शिष्य झाला. त्याचा जन्म १८९५ चा. कृष्णप्पांची तालीम कडक व आवाज भरदार होता. अशा गळ्याच्या साथीला व्हायोलिन घेऊन बसणे ही चौडय्यांची खरी शाळा ठरली.

दरबारातले व देवळातले गाणे त्या काळात सभांच्या आणि लग्नसमारंभांच्या मंडपांत येऊ लागले होते. मंडपाच्या बाजू उघड्या, श्रोते शेकड्यांनी, ध्वनिवर्धक मात्र दुर्मिळ. गायक आवाज चढवी, मृदंग आपोआप दूरवर पोचे. चार तारांचे व्हायोलिन मात्र पहिल्या काही रांगांतच विरून जाई. (आपल्याकडील संगीत नाटकांतल्या नटांनी पट्टी चढवून पिटातला प्रेक्षक गाठला, हे येथे आठवावे.) साथीदाराला तो मार्ग मोकळा नव्हता, त्याची पट्टी गायकाच्या स्वाधीन. म्हणून चौडय्यांनी वाद्यच बदलले. १९२७ च्या सुमारास त्यांनी तीन तारांना एकेक जोडतार दिली आणि व्हायोलिन सात तारांचे केले. एका बोटाखाली दोन तारा दाबायच्या, एका गजाने दोन्ही बोलक्या करायच्या, आणि त्यांत किंचितही बेसूर होऊ द्यायचा नाही, हे सोपे नव्हे. नाजूकपणाची थोडी किंमत त्यांनी मोजली असावी, असे मला वाटते. पण नाद शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

पुढे युरोपात श्टॉकहाउझेनने १९५८ मध्ये ‘ग्रुपेन’साठी तीन वाद्यवृंद श्रोत्यांच्या तीन बाजूंना मांडले; झेनाकिसने १९६६ मध्ये वादकांना श्रोत्यांमध्येच विखरून बसविले. अवकाश ही त्यांच्या रचनेची सामग्री होती. चौडय्यांपुढे तो अडथळा म्हणून उभा राहिला, आणि गायकाच्या शेजारची आपली जागा न सोडता त्यांनी त्याचे उत्तर शोधले. आपल्या समीक्षेत प्रयोग हा शब्द पहिल्या प्रकारालाच लावण्याची सवय आहे. ती मला मान्य नाही.

चेंबै वैद्यनाथ भागवतर आणि पालघाट मणि अय्यर यांच्याबरोबरच्या त्यांच्या मैफली दक्षिणेत गाजल्या. १९३९ मध्ये ते म्हैसूरचे दरबारी वादक झाले, १९५७ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकॅडेमीने त्यांना संगीत कलानिधी ही पदवी दिली. ‘त्रिमकुट’ या मुद्रेने त्यांनी कृतीही रचल्या.

१९ जानेवारी १९६७ रोजी ते निवर्तले. तोवर ध्वनिवर्धक सर्वत्र पोचला होता. सात तारांची प्रथा रूढ झाली नाही. बंगळूरला १९८० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ बांधलेले सभागृह व्हायोलिनच्या आकाराचे आहे. तेथे श्रोते वाद्याच्या पोटातच बसतात, आणि गाणे ध्वनिवर्धकातून ऐकतात.