परतीची वाट आखणारा माणूस

ॲलन ट्युरिंग म्हटले की वाचकांना जर्मनांचे एनिग्मा यंत्र आठवते. प्रोग्राम तपासण्यात माझी वर्षे गेली, त्यामुळे मला त्याचे दुसरेच काम मोलाचे वाटते.

त्याचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी, त्यामुळे बालपण बरेचसे परक्या घरी गेले. महायुद्ध संपल्यावर, १९४५ च्या अखेरीस, त्याने ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी संगणकाचा आराखडा लिहिला. हातचे काम सोडून यंत्र पोटकामाकडे वळले, तर परतायचे कुठे? परतीची नोंद पुरून ठेवा, आणि शेवटी पुरलेली आधी उकरा, असा त्याचा तोडगा होता. आजच्या कॉल स्टॅकचे बीज ते हेच.

डिबगर ही साखळी चौकटीचौकटीने दाखवतो. त्याचीही परीक्षा मी घेतो: प्रोग्राम एकाच जागी थांबवून दोनदा विचारायचे, चौकटी आतून बाहेर आणि बाहेरून आत मोजायच्या. उत्तरे जुळली नाहीत, तर दोष प्रोग्रामचा की साक्षीदाराचा, हेच कळेनासे होते. १९४९ साली केंब्रिजच्या परिषदेत ट्युरिंगने सांगितलेली रीत इथेही उपयोगी पडते. बेरजेत हातचे मांडावेत तशी टप्प्याटप्प्यावर विधाने लिहायची आणि एकेक ताडून पाहायचे.

१९५२ मध्ये समलैंगिक संबंधांबद्दल तो दोषी ठरला. तुरुंग टाळण्यासाठी संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. ७ जून १९५४ रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, तो गेला. राजमाफी आली २०१३ साली. यंत्राला परतीची वाट देणाऱ्या या माणसाला त्याच्या देशाने मात्र ती ठेवली नाही.