जनावरांच्या भुकेचे कारण शोधणारे महात्मा फुले

नगर जिल्ह्यातील राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. स्त्रीशिक्षणाचे प्रणेते आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मात्र शेतकऱ्याच्या गोठ्यातील जनावर उपाशी का राहते, याचा मुळापासून विचार करणारे जोतीराव त्या मानाने उपेक्षित राहिले.

जोतीरावांचा जन्म १८२७ मध्ये झाला. घराण्यात फुलांचा व्यवसाय आणि शेती होती. नगरशी त्यांचा संबंध तरुणपणीच आला. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीस होते. तेथे मिस फरार यांनी चालविलेली मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींसाठी शाळा काढली. पुढे १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. उपजीविकेसाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. पुण्याजवळच्या मांजरीला त्यांची शेतीही होती. त्यामुळे माती, पाणी आणि बैल यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता.

१८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पाठोपाठ १८७६ चा भीषण दुष्काळ आला. माणसांबरोबर जनावरेही मेली आणि बैल गेलेल्या शेतकऱ्याला पुढच्या पावसातही नांगर धरता येईना. दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी सत्यशोधकांनी धनकवडी येथे अन्नछत्र चालविले. या साऱ्या अनुभवांतून १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ पूर्ण झाला.

या ग्रंथात जोतीरावांनी वैरणीच्या प्रश्नाला मोठे महत्त्व दिले. पूर्वी गावालगतची गायराने, डोंगर आणि राने सर्वांना खुली होती. थोडी जमीन असलेला शेतकरीही तेथे एखादी गाय आणि चार शेळ्या चारून निभाव लावी. इंग्रज सरकारने जंगल खाते निर्माण करून ही राने ताब्यात घेतली. १८७८ च्या वनकायद्याने ती पकड घट्ट केली. चराई बंद झाली, बैल अर्धपोटी राहिले आणि तशाच अवस्थेत औताला जुंपले गेले. अशी जनावरे रोगाला लवकर बळी पडू लागली, शेणखत घटले आणि जमिनीचा कस उतरला. इंग्रज अधिकारी शेतकऱ्याच्या आळसाला व उधळेपणाला दोष देत असताना, जोतीरावांनी सरकारी धोरणावर बोट ठेवले.

आजचे पशुपोषणशास्त्र या निरीक्षणाला दुजोरा देते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटातील सूक्ष्म जीवांना काम करण्यासाठी आहारात साधारण सात टक्के प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास कडबा नीट पचत नाही, जनावर कमी खाते आणि समोर वैरण असूनही खंगते. रानातील कोवळे गवत आणि झाडपाला हीच उणीव भरून काढीत असे. म्हणजे गायरान बंद होताना चाऱ्याचे वजन तर घटलेच, पण त्याचा कसही गेला.

जोतीराव नुसते दोष दाखवून थांबले नाहीत. गायराने शेतकऱ्यांना परत द्यावीत, पोलीस व लष्करातील शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, परदेशांतून उत्तम जातींची शेळ्या-मेंढरे आणावीत, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, असे उपाय त्यांनी सुचविले. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभात ते शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले आणि राजपुत्रासमोर रयतेची स्थिती मांडली. त्याच वर्षी मुंबईत जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

राहुरीचे विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून तेथे 'फुले त्रिवेणी' गाय तयार झाली. 'फुले जयवंत' हे संकरित नेपियर गवतही तेथलेच. चाऱ्यातील शुष्क पदार्थ, प्रथिने आणि पचनीयता आता प्रयोगशाळेत मोजता येते. तरीही २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या टंचाईत नगर जिल्ह्यात जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या. चारा किती सकस आहे, याचे उत्तर विज्ञानाने दिले. तो लहान शेतकऱ्याच्या दावणीपर्यंत पोहोचतो का, हा जोतीरावांचा प्रश्न मात्र जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाल्यानंतरही कायम आहे.