ॲरन स्वार्ट्झ: काही ओळींची स्क्रिप्ट आणि 13 आरोप

चॅटजीपीटीचं उत्तर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं की मधेच शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिसतात ना? ते मार्कडाउन. 2004 मध्ये जॉन ग्रुबरनं ते आणलं, तेव्हा त्याची रचना ठरवायला मदत करणारा ॲरन स्वार्ट्झ 17 वर्षांचा होता. आज आपण रोज वापरतो अशा बऱ्याच गोष्टींमागे हा पोरगा आहे. पण त्याचं नाव निघतं ते बहुतेक वेळा एका छोट्या पायथन स्क्रिप्टमुळे.

जन्म 8 नोव्हेंबर 1986, शिकागोजवळच्या हायलंड पार्क गावात. वडिलांची सॉफ्टवेअर कंपनी, त्यामुळे कॉम्प्युटर लहानपणापासून घरातच. 14 व्या वर्षी तो आरएसएस 1.0 ठरवणाऱ्या गटात होता. वेबसाइटवर नवीन काय आलं हे दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता यावं म्हणून केलेलं फीड म्हणजे आरएसएस. तुमच्या पॉडकास्ट ॲपमध्ये नवा एपिसोड आपोआप दिसतो तो याच जातीच्या फीडमुळे. नंतर क्रिएटिव्ह कॉमन्सचं तांत्रिक काम केलं. स्टॅनफर्डला एक वर्ष काढलं आणि सोडून दिलं. 2005 मध्ये त्याची कंपनी रेडिटमध्ये मिसळली. लिस्पमध्ये लिहिलेलं रेडिट पायथनमध्ये आणलं गेलं ते त्यानं लिहिलेल्या वेब डॉट पीवाय या फ्रेमवर्कवर. ऑक्टोबर 2006 मध्ये कॉन्डे नास्टनं रेडिट विकत घेतलं, हाती पैसा आला, पण ऑफिसची नोकरी काही त्याला झेपली नाही. काही महिन्यांत बाहेर.

इथून पुढची गोष्ट समजायला स्क्रिप्ट नेमकं काय करते ते बघू. तुम्ही लिंकवर टॅप करता तेव्हा ब्राऊझर सर्व्हरला एक विनंती पाठवतो आणि सर्व्हर फाइल परत देतो. पायथन किंवा पर्लमधली स्क्रिप्टही हेच करते. फरक एवढाच, की लूपमध्ये टाकली की ती एकामागून एक लाखो विनंत्या पाठवते. कंटाळत नाही, जेवायला उठत नाही.

अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांची कागदपत्रं पेसर नावाच्या सेवेवर मिळतात. कागद सरकारी, कॉपीराइट नाही, तरी तेव्हा पानामागे 8 सेंट द्यावे लागत. 2008 मध्ये 17 लायब्रऱ्यांमध्ये ही सेवा प्रयोग म्हणून फुकट केली गेली. ॲरननं एका लायब्ररीच्या लॉगिनची कुकी वापरून पर्ल स्क्रिप्ट चालवली, तीही ॲमेझॉनच्या क्लाउड सर्व्हरवरून. सुमारे 2 कोटी पानं खाली आली. 8 सेंटच्या दरानं हिशेब केला तर 15 लाख डॉलरच्या वर! प्रयोग लगेच थांबवण्यात आला. एफबीआयनं चौकशी केली, पण गुन्हा काही दाखल झाला नाही. कागद जनतेचेच होते.

जेस्टोरचं प्रकरण वेगळं. जेस्टोर म्हणजे संशोधन लेखांचं मोठं डिजिटल भांडार. विद्यापीठं वर्गणी भरतात आणि त्यांच्या नेटवर्कवरून लेख उघडतात. ॲरन तेव्हा हार्वर्डमध्ये फेलो होता, पण 2010 च्या सप्टेंबरात त्यानं शेजारच्या एमआयटीचं नेटवर्क निवडलं, कारण तिथे पाहुण्यालाही सहज प्रवेश मिळायचा. नाव नोंदवलं गॅरी होस्ट. पहिलं अक्षर आडनावाला जोडा: जी होस्ट, म्हणजे घोस्ट.

स्क्रिप्टचं नाव कीपग्रॅबिंग. पुढे ती सार्वजनिक झाली आणि बघितली तर अगदी साधी आहे. एका सर्व्हरकडून लेखांचे क्रमांक घ्यायचे, प्रत्येक क्रमांकाचा पत्ता बनवायचा, कर्ल या टूलला पीडीएफ उतरवायला सांगायचं, पुन्हा पहिल्यापासून. पत्त्याच्या शेवटी नियम-अटी मान्य आहेत असं सांगणारा तुकडाही जोडलेला. आपण न वाचता टिक करतो ना, तेच काम स्क्रिप्टनं केलं.

वेगामुळे जेस्टोरचे सर्व्हर अडखळू लागले. त्यांनी आयपी ॲड्रेस ब्लॉक केला, ॲरननं बदलला. मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डचा ओळख क्रमांक, ब्लॉक झाला, तोही बदलला. शेवटी जेस्टोरनं काही दिवस अख्ख्या एमआयटीचाच प्रवेश बंद केला. म्हणजे त्रास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना झाला. ॲरनबद्दल कितीही आपुलकी असली तरी ही बाजू झाकता येत नाही. समोरचा अडवतोय हे कळल्यावर ओळख बदलत राहणं हे नुसतं डाउनलोड करणं नव्हे.

मग त्यानं एका इमारतीच्या तळघरातल्या वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप ठेवून थेट स्विचला जोडला. तो सापडला, तिथे कॅमेरा लागला आणि 6 जानेवारी 2011 ला ॲरनला अटक झाली. सुमारे 48 लाख लेख उतरवले होते. त्यानं ते परत केले, जेस्टोरनं आपल्या बाजूनं विषय मिटवला. सरकारनं मात्र नाही. जुलैमध्ये 4 आरोप, पुढच्या वर्षी ते 13 झाले. मुख्य आधार 1986 चा कॉम्प्युटर फसवणूक कायदा, त्याच्या जन्मवर्षीचाच. कागदावर शिक्षा 50 वर्षांपर्यंत. गुन्हा कबूल करून काही महिन्यांची कैद घेण्याचा प्रस्ताव त्यानं नाकारला. खटल्याच्या काळात तो गप्प बसला नव्हता. 2012 मध्ये सोपा या सेन्सॉरशिपच्या विधेयकाविरुद्धच्या मोहिमेत तो पुढे होता आणि ते विधेयक मागे पडलं.

11 जानेवारी 2013 ला न्यूयॉर्कमध्ये त्यानं आत्महत्या केली. वय 26. नैराश्याबद्दल तो आधीही लिहीत असे, त्यामुळे सगळा दोष एकाच कारणावर टाकणं बरोबर नाही. पण एवढ्या स्क्रिप्टसाठी 50 वर्षांची टांगती तलवार अतिच होती, असं मला ठामपणे वाटतं. काही दिवसांत सरकारनं आरोप मागे घेतले. कायदा सौम्य करण्यासाठी त्याच्या नावानं विधेयक आलं, मंजूर झालं नाही. 2021 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच एका खटल्यात या कायद्याचा अर्थ बराच आकुंचित केला.

वेब डॉट पीवायचा कोड आजही खुला आहे, कुणीही उतरवून वाचू शकतं. पेसर अजून पानामागे पैसे घेतं. दर आता 10 सेंट आहे.